मी नाही घेत, तुम्ही घ्या

पाहुण्यांच्या पुढ्यात कॉफी ठेवली की ते हमखास विचारतात, "आणि तुम्हाला?" मी म्हणतो, "मी नाही घेत कॉफी, तुम्ही घ्या ना." यानंतरची दहा सेकंद फार विचित्र असतात. समोरचा माणूस कपाकडे बघतो, मग माझ्याकडे, मग परत कपाकडे. एका काकांनी तर सरळ विचारलं होतं, "का हो, काही घातलंय का यात?" चेष्टाच होती ती, पण पहिला घोट त्यांनी जरा बेतानेच घेतला हे मी पाहिलं.

तर आमच्या घरी कॉफी मी करतो आणि मी कॉफी पीत नाही. कारण काही मोठं नाही. एक कप घेतला की छातीत धडधडतं, हात हलके हलके थरथरतात आणि रात्री दोन वाजता मी पंख्याकडे बघत पडलेला असतो. चहा मात्र दिवसाला चार कप. लगेच कोणीतरी म्हणतं चहातही कॅफिन असतंच की. असतं, पण ढोबळमानाने कपामागे कॉफीत त्याच्या दुप्पट तरी असतं, आणि अंगात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात, काहींना कमी काहींना जास्त, ज्याचं त्याचं लिव्हर. माझं लिव्हर ही फाईल सावकाश हातावेगळी करणाऱ्यांतलं असावं. आणि खरं सांगायचं तर हा त्रास नसता तरी मी प्यायलो नसतो, कारण मला ती आवडत नाही. वास आवडतो, वासासाठी मी जीव टाकतो, पण तोंडात घेतली की नाकाने कबूल केलेलं काहीच तिथे नसतं.

मग करतोच कशाला? तर लग्न झाल्यावर वाटणी झाली, चहा बायकोकडे, कॉफी माझ्याकडे. तिचं म्हणणं, "चहा करताना मला मधे कोणी दुसरं काही सांगितलेलं चालत नाही." आणि आमच्याकडे कॉफीवाले पाहुणे येतात भरपूर.

लहानपणी चिपळूणला आमच्या घरी चहा सगळ्यांचा आणि कॉफी पाहुण्यांची. तीही सगळ्या पाहुण्यांची नाही. शेजारपाजारचे, पोस्टमन, मामा, आत्या, सगळे चहावाले. कॉफी डॉक्टरांना, बँकेतल्या साहेबांना आणि व्याह्यांना. इन्स्टंट कॉफीची एक काचेची बाटली फडताळात वरच्या फळीवर असायची आणि ती कित्येक महिने पुरायची. आता चिपळूणच्या पावसात जिथे मिठाला पाणी सुटतं तिथे कॉफीचं काय होणार. जुलैपर्यंत आत पावडरीचा असा दगड झालेला असायचा की सुरीच्या टोकाने खरवडून काढायला लागायची. आई ती खरवड साखरेबरोबर घोटायची, वर गरम दूध ओतायची आणि शेवटी जायफळ किसायची. जायफळ का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. आता गंमत वाटते. बाळगुटीत जायफळाचे वेढे देतात ते पोर शांत झोपावं म्हणून, आणि कॉफी प्यायची ती जागं राहायला, आणि आपण मराठी माणसं दोन्ही एकाच कपात घालून पाहुण्याला देतो, म्हणजे त्याने करायचं तरी काय. आई-बाबा दोघंही कॉफीला शिवायचे नाहीत. त्यामुळे ती बरी होते का वाईट, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. व्याही "छान छान" म्हणायचे, विषय संपला.

मीही डोंबिवलीत तेच करत राहिलो असतो, पण एक प्रकार घडला.

ऑफिसातला एकजण मूळचा कर्नाटकातल्या चिकमगळूरकडचा. गावाहून येताना त्याने अर्धा किलो कॉफीचं पाकीट आणलं माझ्यासाठी, सोबत बाबा बुडन या सूफी संताची गोष्टही सांगितली, की सतराव्या शतकात हे बाबा हजहून येताना येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरकडच्या डोंगरावर लावल्या, तिथून आपल्याकडची कॉफी सुरू झाली म्हणतात. एवढा सगळा इतिहास ऐकून घेतला पण पाकिटावर काय लिहिलंय ते काही मी वाचलं नाही. त्याच शनिवारी मोठ्या भावाचे सासू-सासरे आले. मी मनात म्हटलं आज खास कॉफी. दूध उकळत ठेवलं, त्यात साखर, त्यात चार चमचे पावडर, ढवळली, कपात ओतली, जायफळ किसलं.

ती फिल्टरची पावडर होती. विरघळत नाही ती, जन्मात नाही.

दोघं सोफ्यावर बसले होते, कप हातात, गप्पा चालू, आणि मी बघतोय की सासरेबुवा प्रत्येक घोटानंतर ओठ घट्ट मिटून जरा थांबतात, मग जिभेने दात चाचपतात, मग बोलतात. सासूबाई बारीक बारीक घोट घेऊन वरवरचं पीत होत्या. मला वाटलं गरम असेल. शेवटी सासरेबुवांच्या पांढऱ्या मिशीत काळे कण दिसायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू काहीतरी शिजायला लागलं, पण तोवर त्यांनी कप संपवला होता. पूर्ण संपवला. आणि वर म्हणाले, "छान होती हो कॉफी. एकदम स्ट्राँग." ते गेल्यावर कप उचलले तर तळाला बोटभर गाळ, पाऊस पडून गेल्यावर गटारीच्या तोंडाशी बसतो तसा.

मला लाज वाटलीच, पण त्याहून जास्त एक गोष्ट डोक्यात बसली. मी चव घेत नाही म्हणजे मला कळायचा एकच मार्ग, तो म्हणजे पाहुण्याने सांगणं. आणि पाहुणा कधीही सांगत नाही. तो गाळ चावून खाईल पण सांगणार नाही, असले संस्कार आहेत आपल्याकडे. मग मागच्या दहा-बारा वर्षांत "छान छान" म्हणून गेलेल्या सगळ्यांनी काय काय गिळलं असेल, या विचाराने त्या रात्री झोप नाही, कॉफी न पिताही.

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं पाकीट घेऊन वरच्या मजल्यावरच्या मामींकडे गेलो. मामी पालक्काडकडच्या तमिळ, पण बालपण माटुंग्यात आणि लग्नानंतर कायम डोंबिवली, मराठी माझ्या बायकोपेक्षा स्वच्छ. त्यांनी झालेला प्रकार ऐकला आणि हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "अरे, बिचाऱ्यांनी प्यायली?" मग माळ्यावरून एक जुना पितळी फिल्टर काढून माझ्या हातात ठेवला आणि शिकवायला बसल्या.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पावडर घालायची, दांडीच्या चकतीने हलकेच दाबायची. हलकेच म्हणजे किती, तर "झोपलेल्या मुलावर पांघरूण घालताना दाबतोस तेवढी." दाबलीच नाही तर पाणी भसकन खाली जातं आणि पांचट उतरतं, जास्त दाबली तर तासभर थेंबच पडत नाही. वरून उकळीचं पाणी, गोल गोल फिरवत, मग झाकण, आणि मग वीस मिनिटं त्याच्याकडे बघायचं नाही. खाली जमतं ते डिकाशन. ते गरम करायचं नाही, कधीच नाही, उकळलं की मेलं. दूध मात्र ताजं तापवलेलं आणि उकळतं, तेच त्याला गरम करतं. भोकं बुजली तर रिकामं भांडं गॅसच्या जाळावर धरायचं, अडकलेली पूड जळून जाते. शेवटी डबऱ्यातून, म्हणजे पेल्याबरोबरच्या पसरट वाटीतून, पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात, हातभर वरून ओतायचं, फेस येईपर्यंत. हे शेवटचं मला पंधरा दिवसांत जमलं आणि तोवर आमच्या ओट्यावर मुंग्यांची सोय झाली.

सगळं झालं. पण मूळ प्रश्न होता तिथेच, की बरी झाली हे मला कळणार कसं?

एक उपाय मी करून बघितला. मोठ्या कंपन्यांमध्ये चहा-कॉफीची चव घेणारे लोक असतात, ते चमचाभर आवाज करत ओढून घेतात आणि थुंकून टाकतात, गिळत नाहीत. म्हटलं आपणही तसं करू. पाहुणे बाहेर बसलेले, मी बेसिनपाशी उभा, एक घोट घेऊन तोंडात घोळवतोय. बायको आत आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांच्या कॉफीची चूळ भरतोयस?" झालं, तो उपाय तिथेच संपला. आणि तसाही त्याचा उपयोग नव्हता. मला प्रत्येक घोट कडूच लागत होता, चांगलीही कडू आणि वाईटही कडू. ज्याला कारलं आवडतच नाही त्याला कारल्याची भाजी आज फक्कड झालीय का बिघडलीय काय सांगता येणार, तो पहिल्या घासालाच बाद. जीभ प्रत्येकाला असते, पण त्या पदार्थाशी घसट असल्याशिवाय ती काही बोलत नाही.

तेव्हा मला आजी आठवली.

गौरी जेवायच्या दिवशी आजीचा स्वयंपाक सोवळ्यात. नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघायची नाही हे तर झालंच, पण तिला कोणी पातेल्यावर वाकून वास घेतलेलाही चालायचा नाही. आम्ही पोरं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून नुसती श्वास घ्यायचो तरी ती डोळे वटारायची. पुरण, कटाची आमटी, दोन भाज्या, खीर, वडे, चटण्या, पंधरा-वीस माणसांचं, आणि एकही पदार्थ चाखलेला नाही. आणि मीठ कधी चुकायचं नाही. असं मी म्हणतोय खरं, एकदा आमटीत दोनदा पडलं होतं आणि आजोबा ती निमूट प्यायले होते, पण ते एकदाच.

तिला एकदा विचारलं होतं मी, चाखल्याशिवाय कळतं कसं. ती म्हणाली, "पुरणात उलथणं उभं राहिलं की झालं." एवढंच. पाकाची तार दोन बोटांत बघायची, वड्याचं पीठ पाण्यात टाकून तरंगतं का बघायचं, खिरीत पळी बुडवून बाहेर काढली की पळीच्या पाठीवर काय राहतं ते बघायचं. मीठ मुठीने, आणि मूठ तिचीच, पन्नास वर्षांची. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला अशी एकेक खूण होती आणि त्यात जिभेचं काम कुठेच नव्हतं.

मग मीही खुणा गोळा करायला लागलो. डिकाशन चमचाभर घेऊन स्टीलच्या पेल्याच्या आतल्या कडेवर सोडायचं, ते लगेच घसरून गेलं तर पातळ, जरा रेंगाळत गेलं आणि मागे तांबूस पट्टा राहिला तर ठीक. दूध घातल्यावर रंग कसला, तर मामींच्या दिवाणखान्यातल्या जुन्या शिसवी कपाटाच्या दाराचा नाही, त्या कपाटाच्या आतल्या फळीचा. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून कपाट उघडून बघितलं. थेंबांचा आवाजही असतो, सुरुवातीला टप टप टप, मग टप, मग बराच वेळ काही नाही, मग एखादा टप. हे सगळं वहीत लिहून ठेवलंय मी, बायको त्याला माझी कॉफीची पोथी म्हणते.

पावडर आणायला मी माटुंग्याला जातो. डोंबिवलीहून स्लो पकडायची, फास्ट तिथे थांबत नाही, स्टेशनबाहेर पूर्वेला आलं की वासानेच रस्ता कळतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "पीबेरी का प्लांटेशन ए? ८०-२० का ७०-३०?" पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरते ती, प्लांटेशन ए ही नेहमीच्या चपट्या बियांची एक प्रत, आणि पुढचे आकडे कॉफीत चिकोरी किती त्याचे. चिकोरी हे एक मूळ असतं, भाजून दळतात, त्यात कॅफिन नसतं पण रंग आणि दाटपणा येतो. हे सगळं आज सांगतोय, तेव्हा मी नुसता बघत उभा. तो म्हणाला, "तुम्हाला कशी आवडते?" मी म्हटलं, "मी पीत नाही." त्याने दळणाचं मशीन बंद केलं. मागे दोन बायका उभ्या होत्या त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग एका बाईंनी विचारलं पाहुणे कुठले असतात, मी म्हटलं बहुतेक मराठीच, तर त्या म्हणाल्या, "मग ७०-३० घ्या, चहावाल्यांना दाट लागतं." आजतागायत तेच चालू आहे. येताना गाडीत ते गरम पाकीट मांडीवर असतं आणि ठाण्यापर्यंत आजूबाजूचे तीन-चार जण तरी माझ्याकडे प्रेमाने बघतात, वर्षानुवर्षं ट्रेनने जातोय, एरवी असं कोणी बघत नाही.

राहिला "आणि तुम्हाला?" हा प्रश्न. त्यावर मी बरेच दिवस एक लबाडी केली. त्याच सेटमधला कप घ्यायचा, त्यात जायफळाचं दूध, थोडी हळद रंगासाठी, आणि पाहुण्यांबरोबर घोट घोट घेत बसायचं. पाहुणा लगेच सैलावतो, पाठ टेकून बसतो, दुसरं बिस्किट उचलतो. एकटं पिणं माणसाला जडच जातं, समोरचा बरोबर पितोय एवढं दिसलं तरी पुरतं. मस्त चाललं होतं. एकदा माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तू माझं हळदीचं दूध का पितोयस?" तेव्हापासून सरळ चहाच घेऊन बसतो.

मधे आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथे, अमरावती जिल्ह्यात, इंग्रजांच्या काळापासून. डिसेंबर होता, झाडांना लालभडक फळं लगडली होती, करवंदाएवढी. तिथे काम करणाऱ्याने एक तोडून दिलं, म्हणाला खाऊन बघा. मी घाबरत घाबरत चावलं तर गोड! पातळसा गर, बीभोवती चिकट, जांभूळ-चिकूच्या मधलं काहीतरी. आयुष्यात मला आवडलेली ती एकमेव कॉफी. मी त्याला विचारलं, तुम्ही रोज ताजी पीत असाल ना. तो म्हणाला, "नाही हो भाऊ, आम्ही तं चहाच पेतो." त्याला मिठीच मारावीशी वाटली.

मामी नंतर मुलाकडे कोइम्बतूरला राहायला गेल्या. फिल्टर माझ्याकडेच राहिला. गेल्या महिन्यात फ्लॅटच्या कागदपत्रांसाठी चार दिवस आल्या आणि दुपारी आमच्याकडे. मी सकाळपासून तयारीत. पावडर दोन दिवसांपूर्वीची ताजी, पोथीतल्या सगळ्या खुणा जुळलेल्या, थेंब रेंगाळला, रंग आतल्या फळीचा, फेस दोन बोटं. त्यांच्यापुढे पेला ठेवला आणि समोर बसलो, चहा घेऊन.

त्यांनी एक घोट घेतला. थांबल्या. पेला नाकाशी नेला. दुसरा घोट घेतला.

"फिल्टर कशाने धुतोस रे?"

मी म्हटलं भांड्यांच्या साबणाने, तो हिरवा, लिंबाचा.

"पितळेला वास धरतो. कॉफीत लिंबू लागतंय. नुसत्या गरम पाण्याने धुवायचा, हे सांगायचं राहिलं का माझं?"

हो, राहिलं होतं. दोन वर्षं होऊन गेली होती त्यांना जाऊन. मी तिथल्या तिथे मनात मोजायला घेतलं, सोसायटीचे सेक्रेटरी, बायकोच्या शाळेतल्या तिघी, माझा बॉस, भावाचे सासू-सासरे दोनदा, गणपतीतले सगळे. तीस-बत्तीस लोक तरी लिंबाची कॉफी पिऊन, छान झाली म्हणून, घरी गेले होते.

मामींनी तोवर पेला रिकामा केला होता. डबरा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आहे का अजून? अर्धाच दे."